पाठक्रम आणि अर्थक्रम

घरांत नवा फोन आला म्हणजे तरुण मंडळी त्याचे गुण सांगूं लागतात. त्यांत 'आठ कोअरचा प्रोसेसर' हा गुण हटकून असतो. कोअर म्हणजे गणना करणारा एक स्वतंत्र गाभा. पूर्वीं घरगुती संगणकांत असा एकच गाभा असे. आतां खिशांतल्या फोनमध्येंहि आठ आठ असतात. ऐकणारे वडीलधारे साहजिकच समजतात कीं, आठ माणसें लागलीं म्हणजे काम आठपट लवकर उरकतें, तसेंच येथेंहि होत असेल. ज्यांच्या घरीं वीस पानांचा स्वयंपाक होतो त्या गृहिणींना मात्र ही समजूत किती फोल आहे हें सांगावयास नको. आठ हात असणें ही एक गोष्ट, आणि त्या आठहि हातांना परस्परांचा अडथळा न होतां काम मिळत राहणें ही अगदीं निराळी गोष्ट. ह्या दुसऱ्या गोष्टीचा विचार संगणकशास्त्रांत साठ वर्षांपासून चालू आहे. त्यांतून निघालेल्या एका कल्पनेचा परिचय ह्या वेळीं करून द्यावयाचा आहे. तिचें नांव 'डेटाफ्लो', म्हणजे सामग्रीचा प्रवाह.

एका गाभ्याचे अनेक कां करावे लागले, तें आधीं पाहूं. प्रोसेसर घड्याळाच्या ठोक्यावर चालतो. इंटेल कंपनीचा १९७१ सालचा '४००४' हा प्रोसेसर सेकंदाला सुमारें ७ लक्ष ४० हजार ठोक्यांवर चाले; त्याच कंपनीच्या 'पेंटियम ४' नें २००४ सालीं ३८० कोटी ठोके गांठले. तेहतीस वर्षांत गति पांच हजार पटींनीं वाढली. ह्या काळांत आज्ञावली लिहिणाऱ्याला, म्हणजे प्रोग्रॅमरला, वेगासाठीं फारसे श्रम पडत नसत. जुनीच आज्ञावली नव्या यंत्रावर आपोआप अधिक वेगानें धांवे. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७४ मध्यें दाखवून दिलें होतें कीं, ट्रान्झिस्टर लहान करीत जावें व त्याच प्रमाणांत विजेचा दाब उतरवीत जावें, म्हणजे दाटी वाढली तरी तितक्याच जागेंतील उष्णता वाढत नाहीं. परंतु २००५ च्या सुमारास दाब आणखी उतरविणें जमेना, कारण अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टर बंद असतांहि त्यांतून वीज गळूं लागली. वेग वाढवावा तर प्रोसेसर तव्यासारखा तापे. शेवटीं २००४ च्या मे महिन्यांत इंटेलनें आपल्या पुढच्या वेगवान प्रोसेसरचें काम अर्ध्यावर सोडून दिलें. आणि २००५ मध्यें इंटेल व ए.एम.डी. ह्या दोन्ही कंपन्यांनीं घरगुती संगणकासाठीं दोन गाभ्यांचे प्रोसेसर विकावयास काढले. मोठ्या यंत्रांसाठीं आय.बी.एम. कंपनीनें तसा प्रोसेसर २००१ मध्येंच केला होता. घोडा अधिक जोरानें पळेना, म्हणून घोडे वाढविले; पण चार घोड्यांची गाडी हांकण्याचें कठीण काम सारथ्याच्या गळ्यांत येऊन पडलें.

सारथ्याची अडचण अशी. जॉन व्हॉन नॉयमन यांच्या नांवानें १९४५ मध्यें विद्वानांत फिरलेल्या टिपणापासून संगणकाची जी रचना रूढ झाली तींत एक स्मृतिकोश असतो, त्यांत आज्ञा एकामागून एक मांडलेल्या असतात, आणि एक गाभा त्या ओळीनें उचलून पाळीत जातो. पहिलीनंतर दुसरी कां? तर ती तशी लिहिली आहे म्हणून. आपल्या मीमांसकांच्या परिभाषेंत हा 'पाठक्रम' होय. जैमिनीच्या सूत्रांचा पांचवा अध्याय, कर्मांचा क्रम कशावरून ठरवावा, ह्याच प्रश्नाला वाहिलेला आहे. वाक्यें ज्या क्रमानें पठिलीं त्या क्रमानें कृति करावी, हें तेथें एक प्रमाण मानलें आहे. परंतु त्याहून बलवत्तर असें दुसरें प्रमाण म्हणजे 'अर्थक्रम', प्रयोजनावरून ठरणारा क्रम. पाठशाळेंत शिकलेल्यांना त्याचें उदाहरण परिचित आहे. श्रुतींत अग्निहोत्राचा होम आधीं सांगितला आहे आणि यवागू, म्हणजे पेज, शिजविण्याचें मागाहून. पण ती पेज हेंच होमाचें द्रव्य. ती शिजल्यावांचून होम कशाचा करावयाचा? म्हणून पाठ कसाहि असो, पाक आधीं आणि होम नंतर, असा मीमांसकांचा निर्णय आहे.

डेटाफ्लोचें मूळ तत्त्व ह्या निर्णयांत जसेंच्या तसें आलें आहे. ज्या आज्ञेची सामग्री हाताशीं आली ती आज्ञा पाळण्यास योग्य झाली. तिचा ओळींतील क्रमांक कोणता, ह्याची चौकशी करण्याचें कारण नाहीं.

एक सोपें गणित घेऊं: (७ + ५) × (९ − ४). पाठक्रमानें बेरीज, मग वजाबाकी, मग गुणाकार, अशीं तीन पावलें झालीं. परंतु वजाबाकीला बेरजेच्या उत्तराची गरज कोठें आहे? दोहोंना दोन गाभे दिले तर दोन्ही एकाच वेळीं होतात. १२ आणि ५ हे आंकडे गुणाकारापाशीं येऊन पोंचतात, आणि दोन्ही पोंचतांक्षणीं गुणाकार सुरू होऊन ६० हें उत्तर बाहेर पडतें. तीन कामें दोन पावलांत झालीं. कागदावर प्रत्येक क्रियेसाठीं एक वर्तुळ काढावें, आणि एकीचें फळ जिला लागतें तिच्याकडे बाण न्यावा, म्हणजे डेटाफ्लोची आज्ञावली तयार झाली. बाणावरून वाहत येणाऱ्या मूल्याला 'टोकन' म्हणतात. आंत येणाऱ्या सर्व बाणांवर टोकन आलें कीं तें वर्तुळ जागें होतें, आलेलीं टोकनें घेतें, आणि आपल्या फळाचें नवें टोकन पुढें पाठवितें. उभा राहून हुकूम सोडणारा मुकादम ह्या व्यवस्थेंत लागत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, एवढा खटाटोप कशाला? एकाच स्मृतिकोशावर चार गाभे सोडून द्यावेत आणि ज्यानें त्यानें आपापलें काम करावें. पुष्कळ ठिकाणीं आजहि तसेंच करितात, आणि खरा धोका तेथेंच आहे. समजा, घरच्या जमाखर्चाच्या वहींत १०० रुपये शिल्लक आहे. थोरल्या भावाला २० रुपये जमा करावयाचे आहेत आणि धाकट्याला ३० खर्ची टाकावयाचे आहेत. म्हणजे शेवटीं शिल्लक ९० राहिली पाहिजे. दोघांनींहि एकाच क्षणीं वही पाहिली आणि १०० हा आंकडा मनांत धरला. थोरल्यानें १२० लिहिले. लगेच धाकट्यानें ते खोडून आपल्या हिशेबाचे ७० लिहिले. कोणीं चोरी केली नाहीं, कोणाचें गणित चुकलें नाहीं, तरी वीस रुपये नाहींसे झाले! ह्या प्रकाराला 'रेस', म्हणजे शर्यत, असें नांव आहे. त्याची दुष्टता अशी कीं, आज्ञावली हजारों वेळां बिनचूक चालते, आणि दोन हात नेमके एका क्षणीं पडले तरच चुकते. मागाहून तपासूं गेलें तर चूक सांपडत नाहीं.

वहींतल्या वीस रुपयांचें कांहीं नाहीं; माणसाच्या प्राणाशीं गांठ पडली म्हणजे काय होतें तें 'थेराक-२५' ह्या यंत्रानें दाखविलें. कर्करोगावर किरणोपचार करणारें हें यंत्र कॅनडांत तयार झालेलें होतें. १९८५ ते १९८७ ह्या काळांत त्यानें सहा रुग्णांना भयंकर प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यांतील दोन अपघात टेक्साससमधील टायलर गांवीं १९८६ च्या मार्च व एप्रिल महिन्यांत घडले. यंत्र चालविणाऱ्या बाईनें इलेक्ट्रॉन-किरणांऐवजीं क्ष-किरणांचें अक्षर दाबलें, आणि चूक ध्यानांत येतांच तें झटपट सुधारलें. त्याच वेळीं आंतील आज्ञावलीचा एक भाग यंत्रांतील चुंबक जुळविण्यांत गुंतलेला होता. त्याला सुमारें ८ सेकंद लागत, आणि तेवढ्या अवधींत उरकलेल्या दुरुस्तीची दखल त्या भागाला मिळत नसे. पडद्यावर दुरुस्ती दिसे, पण यंत्राची मांडणी भलतीच झालेली असे. सावकाश अक्षरें दाबणाऱ्या माणसाच्या हातून हा दोष कधीं उघडकीसच आला नसता. पूर्वींच्या यंत्रांतले यांत्रिक अडसरहि ह्या यंत्रांतून काढून टाकलेले होते, म्हणून आज्ञावलींतील शर्यत थेट रुग्णाच्या अंगावर आली. टायलरचे दोन्ही रुग्ण त्या इजेनें दगावले.

अशा शर्यतीला मुळांतच जागा राहूं नये, ह्याची युक्ति फ्रान्समधील शास्त्रज्ञ जील कान यांनीं १९७४ मध्यें गणितानें सिद्ध करून मांडली. कामें स्वतंत्र असावींत. त्यांच्यामध्यें सामायिक वही नसावी, केवळ रांगा असाव्यात. आपल्या रांगेंतून येईल तें प्रत्येकानें क्रमानें घ्यावें, आणि कांहीं आलें नसेल तर थांबावें. रांग रिकामी आहे कां हें डोकावून पाहून आपला बेत बदलूं नये. एवढा नियम पाळला तर कोणतें काम जलद आणि कोणतें मंद, गाभे दोन कीं दोनशें, ह्यावर उत्तर अवलंबून राहत नाहीं. तें दर वेळीं एकच येतें. वरील दृष्टांतांत बोलावयाचें तर शिल्लक ही भिंतीवरच्या फळीवर उघडी पडलेली वही नव्हे, हातांतून हातांत जाणारी चिठ्ठी आहे. थोरल्यानें १२० लिहून चिठ्ठी पुढें दिली म्हणजेच धाकट्याला ती मिळणार आणि तो ९० लिहिणार. दोघांनीं एकदम लिहिण्याचा प्रसंगच येत नाहीं.

ह्या कल्पनेवर प्रत्यक्ष यंत्रें बांधण्याचे प्रयत्नहि झाले. अमेरिकेंत एम.आय.टी. ह्या संस्थेंत जॅक डेनिस यांनीं डेव्हिड मिसुनास यांच्यासह १९७५ मध्यें अशा प्रोसेसरचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यांत एका बाणावर एका वेळीं एकच टोकन ठेवतां येई. त्यामुळें एकच क्रिया शंभर वेळां करावयाची असली तर पहिल्या फेरीचें टोकन उचललें जाईपर्यंत दुसरीचें मागें थांबे. हा अडथळा काढण्यासाठीं प्रत्येक टोकनावर तें कोणत्या फेरीचें आहे ह्याची खूण लावण्याची युक्ति निघाली. संस्कृत जाणणाऱ्यांस ती चटकन पटेल. श्लोकांत कर्ता पहिल्या चरणांत आणि त्याचें विशेषण चौथ्या चरणांत असलें तरी अन्वय लागतो, कारण प्रत्येक पद आपल्या विभक्तीची खूण अंगावर वागवीत असतें. तद्वत् समान खूण असलेलीं टोकनें कोणत्याहि क्रमानें आलीं तरी आपला जोडीदार हुडकून काढतात. इंग्लंडांत मँचेस्टर येथें जॉन गर्ड व इयन वॉटसन यांनीं असें यंत्र १९८१ मध्यें चालू केलें. एम.आय.टी.मध्यें ह्या विचाराचे अध्वर्यु होते ते आपल्या कानपूरच्या आय.आय.टी.चे पदवीधर, अरविंद ह्या एकाच नांवानें ओळखले जाणारे प्राध्यापक. त्यांनीं व ग्रेगरी पापाडोपोलस यांनीं मोटोरोला कंपनीच्या साहाय्यानें सिद्ध केलेल्या यंत्राचें नांव 'मान्सून' असें होतें. अरविंद २०२४ मध्यें निवर्तले.

हीं यंत्रें बुद्धीला पटलीं, पण बाजारांत टिकलीं नाहींत. दोन आंकड्यांच्या बेरजेसाठीं प्रत्येक आंकड्यावर खूण लावा, तो पाठवा, त्याचा जोडीदार शोधा, असा खर्च होऊं लागला. मजकुराहून टपालहंशील अधिक, अशी गत झाली. इकडे साधे प्रोसेसर वर्षानुवर्षें स्वस्त आणि वेगवान होत होते. तेव्हां १९९० नंतरच्या दशकांत डेटाफ्लोचीं स्वतंत्र यंत्रें मागें पडलीं.

कल्पना मात्र दोन वाटांनीं परत आली. पहिली वाट प्रोसेसरच्या पोटांतली. आय.बी.एम.च्या '३६०/९१' ह्या यंत्रासाठीं रॉबर्ट टोमासुलो यांनीं १९६७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या युक्तीनें 'फ्लोटिंग पॉइंट' गणिताच्या आज्ञा सामग्री आली कीं पुढें जात, पाळीची वाट पाहत नसत. इंटेलच्या घराण्यांत ही पद्धति १९९५ च्या 'पेंटियम प्रो' पासून आली. आजचे वेगवान प्रोसेसर शेंकडों आज्ञा एकदम डोळ्यांसमोर ठेवतात, ज्यांची सामग्री तयार असेल त्या आधीं उरकतात, आणि निकाल मात्र लिहिल्या क्रमानेंच जाहीर करितात. म्हणजे आंत अर्थक्रम आणि बाहेर पाठक्रम, असा हा समन्वय आहे.

दुसरी वाट आज्ञावली लिहिण्याच्या पद्धतीची, आणि अनेक गाभ्यांच्या दृष्टीनें तीच महत्त्वाची. येथें वर्तुळांत एक बेरीज न ठेवतां एक भरीव काम ठेवावयाचें. 'ओपनएमपी' ह्या सर्वमान्य पद्धतीच्या २०१३ मध्यें निघालेल्या चौथ्या आवृत्तींत प्रत्येक कामापुढें 'हें काय घेतें आणि काय देतें' एवढेंच लिहिण्याची सोय झाली. त्यावरून बाण काढणें आणि मोकळ्या गाभ्याला योग्य काम देणें हें व्यवस्थेकडे असतें. गूगल कंपनीनें २०१५ मध्यें सर्वांस खुल्या केलेल्या 'टेन्सरफ्लो' ह्या साधनांत मोठमोठ्या सारण्यांचे गुणाकार अशाच आलेखांत मांडलेले असत; सध्यां ज्या कृत्रिम बुद्धीचा बोलबाला आहे तिच्या गणनेंत अशा आलेखांचा मोठा उपयोग झाला.

एवढ्यानें आठ गाभ्यांत आठपट वेग मिळतो काय? उत्तरासाठीं पुरणपोळीच्या बेताकडे वळूं. डाळ शिजावी, कट काढावा, गूळ घालून पुरण शिजवावें, वाटावें, मग पोळी लाटून भाजावी. ही एक साखळी. कणीक तिंबण्याचें काम तिच्या बाजूनें होऊं शकतें, पण पोळी लाटण्यापूर्वीं दोन्ही प्रवाह एकत्र आले पाहिजेत. कटाच्या आमटीला कट हवा, पुरण नको. भात, कोशिंबीर, भजीं यांचा डाळीशीं संबंध नाहीं. समजा, सर्व कामांच्या वेळेची बेरीज सहा तास होते आणि डाळीपासून पहिल्या पोळीपर्यंतची साखळी अडीच तासांची आहे. घरांत दोन सुना असोत वा बारा, अडीच तासांच्या आंत पान वाढतां येणार नाहीं. सहाला अडीचनें भागलें तर २.४ येतात, तेव्हां वेग अडीचपटीच्या आंतच राहणार, आणि चौथ्या पांचव्या माणसाला बहुतेक वेळ उभेंच राहावें लागणार. जीन अम्डाल यांनीं १९६७ मध्यें हाच विचार दुसऱ्या बाजूनें मांडला होता: कामाचा दहावा हिस्सा जर एकहातींच होणारा असेल, तर गाभे कितीहि वाढवा, वेग दहापटीपलीकडे जाणार नाहीं. म्हणून शहाणा प्रोग्रॅमर गाभे मोजण्याआधीं साखळी मोजतो, आणि ती तोडतां येईल काय तें पाहतो. आदल्या रात्रीं डाळ भिजत घालणारी गृहिणी हेंच करीत असते.

ह्याच स्वयंपाकघरांत आणखी दोन धडे आहेत. डाळीचा एक एक दाणा निवडून शेजारणीच्या हातांत देत बसलें तर देण्याघेण्यांतच दिवस मावळेल. 'मान्सून' आणि त्याच्या भावंडांची अडचण हीच होती. काम वांटावें तें ओंजळीनें, दाण्यानें नव्हे. दुसरें असें कीं, एक लाटीत आहे आणि दुसरी भाजीत आहे; लाटणारीचा हात जलद असला तर लाटलेल्या पोळ्या सांचतात आणि एकमेकींना चिकटतात. म्हणून मध्यें दोनच पोळ्यांची जागा ठेवावी. ती भरली कीं लाटणारीनें थांबावें. संगणकांतील रांगांनाहि अशी मर्यादा घालावी लागते, नाहींतर स्मृतिकोश तुडुंब भरतो. प्रत्येक काम दर खेपेस किती टोकनें घेतें आणि किती देतें हें आधींच ठाम असेल, तर सारें वेळापत्रक आणि प्रत्येक रांगेची लांबी काम सुरू होण्यापूर्वींच ठरवितां येते, असें एडवर्ड ली व डेव्हिड मेसरश्मिट यांनीं १९८७ मध्यें दाखविलें. ध्वनि आणि चित्र यांवर संस्कार करणाऱ्या यंत्रांना ही रीति फार मानवली.

तरीहि डेटाफ्लो हें सर्व रोगांवरचें औषध आहे, असें समजूं नये. रेल्वेच्या गाडींत एकच जागा शिल्लक आहे, आणि पुण्याहून एक व नागपुराहून एक अशा दोन मागण्या एकदम आल्या. जागा कोणाला? जो आधीं पोंचला त्याला. म्हणजे येथें वेळ हाच उत्तराचा भाग झाला. कान यांच्या नियमांत हें बसत नाहीं, कारण त्यांचें उत्तर वेळेवर अवलंबून नसतें. अशा ठिकाणीं सामायिक वही ठेवावीच लागते, आणि एकानें लिहीत असतां दुसऱ्यानें हात घालूं नये म्हणून तिला कुलूपहि लावावें लागतें. कुशल कारागीर अशा वह्या थोड्या ठेवतो, त्यांवर कडक पहारा ठेवतो, आणि बाकीचें काम प्रवाहावर सोपवितो.

ज्यांच्या घरचीं मुलें-मुली संगणकाचा अभ्यास करीत आहेत त्यांनीं त्यांना एवढें अवश्य सांगावें कीं, आज्ञा लिहावयास बसण्यापूर्वीं कागद घेऊन बाण काढीत जा. 'ह्यानंतर काय?' हा पाठक्रमाचा प्रश्न झाला. 'ह्याला काय लागतें?' हा अर्थक्रमाचा. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं लिहिलें म्हणजे कोणतें काम खरोखर दुसऱ्यावर अवलंबून आहे आणि कोणतें केवळ संवयीनें त्याच्या मागें उभें आहे, तें लख्ख दिसूं लागतें. अभ्यासासाठीं एखाद्या सणाच्या स्वयंपाकाचा आलेख काढावयास द्यावा, प्रत्येक कामापुढें त्याचा वेळ मांडावा, आणि सर्वांत लांब साखळी कोणती तें शोधावें. आलेख पुरा झाला कीं तो घरांतल्या वडील बाईंना दाखवावा. राहून गेलेले बाण त्या तोंडींच सांगतील.